शब्द बसवून देणारा जमादार

संपादकांनी फोनवर सांगितलं, "पोलिसातले अनुभव लिहा. थरारक असले तर उत्तम." मी तिथंच सांगून टाकलं की थरार माझ्याकडं नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही दरोडेखोराच्या मागं धावलो नाही. एकदाच धावलो, तेही ठाण्याच्या आवारात शिरलेली शेळी माझं रजिस्टर चघळत होती म्हणून. माझी सगळी नोकरी टेबलावर गेली आणि जे काही बरंवाईट केलं ते लाल आणि निळ्या पेनानं केलं.

माझं टेबल गोपनीय शाखेचं. नाव ऐकून लोकांना वाटतं, आत काहीतरी हेरगिरी चालत असेल. बीड जिल्ह्यातल्या आमच्या ठाण्यात गोपनीय शाखा म्हणजे एक टेबल, एक न लागणारं लोखंडी कपाट आणि मी. हद्दीत कुठं सभा आहे, कोण काय बोललं, कुठल्या गावात दोन पार्ट्यांचं वाजलंय, हे लिहून वर पाठवायचं. माणूस कमी म्हणून बारनिशीही माझ्याकडंच होती. बारनिशी म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद. आणि तिसरं काम परवानग्यांचं. सप्ताह, उरूस, मिरवणूक, मोर्चा, लग्नाचा बँड, रस्त्यावर माणसं जे जे काही करतात त्याचा अर्ज माझ्या टेबलावरून साहेबांपुढं जायचा.

बाहेरच्या माणसाला हे काम अडवणुकीचं वाटतं. थोडं तसं होतंही. पण कायदा समजून घेतला तर त्यात शहाणपण आहे. घटनेनं प्रत्येकाला धर्म पाळायचा आणि तो दुसऱ्याला सांगायचाही हक्क दिला आहे. त्याच वाक्यात तीन कड्या घातल्या आहेत: सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य. म्हणजे तुम्ही देवाचं नाव चौकात घ्या, पण चौक बंद पाडू नका. आपला धर्म सांगायला मुभा आहे, दुसऱ्याला दमदाटीनं किंवा आमिषानं ओढायला नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. आता चौक बंद पडला की नाही, हे ठरवायचं कुणी? कागदावर साहेबांनी. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा मी. पाच माणसांच्या वर जमू नये असा हुकूम वरून दर पंधरा दिवसांनी यायचा आणि बाजाराच्या दिवशी नुसत्या भज्याच्या गाड्यापुढं वीस जण उभे असायचे. हुकूम अक्षरशः पाळला असता तर आधी भजीवाल्याला आत घ्यावं लागलं असतं.

मला एका गोष्टीचा फार अभिमान होता. लोक मनाला येईल तसा अर्ज लिहून आणायचे आणि मी त्यात सरकारी शब्द बसवून द्यायचो. "आमच्या मारुतीचा भंडारा हाय, पंगत रस्त्यात बसंल" असं आलं की मी त्याचं "धार्मिक कार्यक्रमानिमित्त अन्नदान, वाहतुकीस अडथळा न करता" करायचो. साहेब खालमानेनं सही करायचे. हद्दीत म्हणायचे, अर्ज करायचा तर आधी जमादाराला दाखवा, तो शब्द बसवून देतो. आमच्याकडं हवालदाराला जमादार म्हणायची निजामापासूनची सवय आहे.

गिऱ्हाईकं एकेक और असायची. लिंबागणेशकडचा एक बुवा पाऊस पाडायची परवानगी मागायला आला होता. अर्जात स्वच्छ लिहिलं होतं, "तीन दिवस जप करून पाऊस पाडण्याची परवानगी मिळावी." मी विचारलं, "आणि नाही पडला तर?" तो शांतपणे म्हणाला, "तर परवानगीत खोट हाय म्हणंल मी." मी त्याच्या अर्जात फक्त जप ठेवला आणि पाऊस काढून टाकला. सप्ताहवाल्यांना दोनच कर्णे लावा म्हटलं की त्यांचा प्रमुख म्हणायचा, "देवाला आवाज किती लागतो ते तुमी ठरवणार का?" मी म्हणायचो, "देवाला नाही, शाळेतल्या पोरांची परीक्षा आहे."

बाजाराच्या गावात महालिंगअप्पा नावाचे किराणा दुकानदार होते. कपाळावर भस्म, बोलणं तोलून. श्रावणात त्यांच्या लोकांची मिरवणूक निघायची आणि ती मशिदीवरून जायची. एका वर्षी नमाजाची वेळ आणि मिरवणुकीची वेळ एकच आली. मी दोन्हीकडची मंडळी ठाण्यात बोलावली, बंदोबस्ताचा आराखडा काढला, नकाशा काढला. महालिंगअप्पा आणि मशिदीचा कारभार बघणारे मुतवल्ली चाचा दोघं बाहेर चहाला गेले आणि येऊन म्हणाले, "अलीकडच्या लिंबाखाली वाजंत्री थांबंल, पलीकडच्या लिंबाखाली पुन्हा सुरू होईल. मधी पायानं जाऊ." माझा नकाशा तसाच राहिला. जाताना अप्पा म्हणाले, "जमादार, हे लिहून ठेवा. पण शब्द आमचेच ठेवा." मी हसलो होतो. त्यांच्या म्हणण्यातलं वजन मला पुढं कळलं.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहायला बसलो, त्याकडं येतो.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. पालीच्या धरणात चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. तेलगावकडून गुरांच्या छावणीसाठी उसाचं वाढं यायचं, त्या ट्रकमागं जनावरं आणि माणसं दोन्ही पळायची. रोजगार हमीच्या कामावर अर्धा तालुका खडी फोडत होता. आणि नेमकी त्याच वर्षी साखर कारखान्याची निवडणूक लागली. प्यायला पाणी नसलं तरी आमच्याकडं निवडणुकीला ताप कमी नसतो. दोन पॅनल होते. सत्तेतल्यांची निशाणी नांगर, विरोधकांची कंदील. एका गावात डोकी फुटली, म्हणून वरून तोंडी सूचना आली: निवडणूक संपेपर्यंत बाजारात प्रचाराच्या सभेला परवानगी द्यायची नाही, आणि कुठल्याही भाषणासाठी लेखी अर्ज घ्यायचा.

या बाजारात दर गुरुवारी शांतवन नावाचा माणूस उभा राहून बोलायचा. बापाच्या वेळेपासूनचे ख्रिस्ती. घर गावाच्या कडेला. पेशानं तो दूध संस्थेत डिग्री लावायचा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या प्रत्येक किटलीत काचेची नळी सोडून दुधात पाणी किती ते बघायचा. डिग्री लावणाऱ्यावर गाव चिडलेलं असतं, त्याच्यावरही होतं. पण तो खोटं लावतो असं कुणी म्हणायचं नाही. संस्थेच्या चेअरमनच्या घरचं दूध पातळ आलं तरी त्यानं तोच आकडा सांगितला होता आणि चेअरमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनीही तो निमूट मान्य केला होता.

गुरुवारी दुपारी तो बाजारातल्या मोठ्या लिंबाखाली यायचा. हातात काळ्या कातडी वेष्टणातलं पुस्तक. ना कर्णा, ना पत्रक, ना पेटी. अर्धा तास बोलायचा आणि भाजी घेऊन घरी जायचा. दहा-पंधरा माणसं ऐकायची, त्यातली निम्मी सावलीला बसलेली. पंधरा वर्षं हे चाललं होतं. कुणाचं काही म्हणणं नव्हतं आणि त्यानं कधी परवानगीही काढली नव्हती, कारण आम्ही कधी मागितली नव्हती.

मीच त्याला बोलावून सांगितलं, "शांतवन, या वर्षी कागद लागतो. अर्ज करा."

दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन आला. अक्षर मोत्यासारखं. त्यात होतं, "दर गुरुवारी लिंबाखाली उभे राहून अर्धा तास सुवार्ता सांगण्याची परवानगी मिळावी."

मी म्हणालो, "सुवार्ता काय?"

"आमच्यात तसंच म्हणत्यात. चांगली बातमी."

"साहेब नवीन आहेत, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांना हे कळायचं नाही. सरकारी शब्द पाहिजे." मी लाल पेन घेतलं, 'सुवार्ता सांगण्याची' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'प्रचार करण्याची'. घटनेच्या कलमात 'प्रसार' आहे हे मला पाठ होतं. पण बोलताना आपण धर्माचा प्रचारच म्हणतो आणि हात सवयीनं तिकडं गेला. देवाचा, धर्माचा असं पुढं काही जोडायचं मला सुचलं नाही.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. "जमादार, प्रचार लिव्हायचं का? सध्या निवडणूक हाय."

आता मला हे लिहिताना कान गरम होतात. त्याला कळलं होतं. दूध तपासणाऱ्याला कळलं आणि गोपनीयच्या जमादाराला कळलं नाही. मी म्हणालो, "माझी वीस वर्षं या टेबलावर गेलीत. फेअर करून आणा. अर्ज दिला की परवानगी मिळालीच समजा." त्यानं तिथंच बाकावर बसून अर्ज नव्यानं उतरवला, सही केली आणि दिला. मी बारनिशीला नोंद घेतली, विषयाच्या रकान्यात लिहिलं 'प्रचार परवानगी', आणि साहेबांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये कागद टाकला.

साहेबांनी तो वाचला असेल पाच सेकंद. बाजार, प्रचार, निवडणूक. वर लिहिलं, 'नाकारण्यात येते' आणि सही केली. तो कागद परत माझ्याकडं आला बुधवारी संध्याकाळी, चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात. मी गठ्ठा गुरुवारी दुपारनंतर सोडला.

तोवर लिंबाखाली व्हायचं ते होऊन गेलं होतं. शांतवन त्याच्या नेहमीच्या बोलीत सांगत होता, माणसाच्या मनातल्या अंधाराबद्दल. आणि माणूस खेड्यातला, दाखला देणार तो घरातलाच. तो म्हणाला, "घरात अंधार हाय अन् कंदील खुंटीला टांगून ठेवलाय. आरं, हातात घ्या कंदील. कंदिलाबिगर वाट न्हाई."

बाजारात नांगराची पोरं फिरत होती. त्यांनी एवढंच ऐकलं. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं आवाज टाकला, "कंदिलाचा प्रचार करतोय बे हा." कंदिलाची माणसंही होतीच बाजारात. त्यांना वाटलं, आपला माणूस मार खातोय. पंधरा मिनिटं झटापट झाली. कांद्याचे ढीग उधळले, एकाचा दात पडला. बंदोबस्तावरच्या शिपायांनी जे हाताला लागले ते आणले, त्यात शांतवन पहिला.

साहेबांनी विचारलं, "परवानगी होती?"

गठ्ठ्यातला कागद निघाला. प्रचाराची परवानगी मागितलेली, ती नाकारलेली, आणि तरी बाजारात उभं राहून कंदिलाचं भाषण. साहेबांच्या बाजूनं बघितलं तर केस आरशासारखी स्वच्छ होती. त्यांनी मला सांगितलं, "चॅप्टर करा." चॅप्टर म्हणजे प्रतिबंधक कारवाई. शिक्षा नाही, पण माणसाला तहसीलदारापुढं उभं करून, शांतता राखीन असं जामीनदारासह लिहून घ्यायचं.

मी साहेबांच्या टेबलापुढं उभा होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. साहेब, हा देवाचं सांगतो, शब्द मी घातला. पण माझी बढती त्या महिन्यात लागायची होती आणि साहेब नवे, कडक. मी स्वतःशी म्हणालो, चॅप्टर म्हणजे काय मोठं, कागद तर आहे. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

कागद एवढ्यावर थांबला नाही. संध्याकाळी अण्णा चेअरमन स्वतः ठाण्यात आले. अण्णा नांगराच्या पॅनलमध्ये उभे होते. ते शांतवनशी फार रागानं बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. म्हणाले, "पंधरा वर्षं ठेवलं तुला. कंदिलाचं काम करायचं होतं तर मला सांगायचं व्हतं. तोंडावर सांगितलं असतंस तर मी काई म्हणलो नसतो."

शांतवन म्हणाला, "अण्णा, म्या निवडणुकीचं न्हाई बोललो. कंदील म्हंजी कंदील."

"तू अर्ज दिलता का न्हाई प्रचाराचा?"

"दिलता."

"मग?" अण्णा उठले. "तहसीलात काय व्हतंय ते बघू. केस नावावर बसली तर संस्थेत ठेवता येणार न्हाई. ठराव हाय तसा."

दोन दिवसांनी नायब तहसीलदारांपुढं काम चाललं. तहसील कचेरीत त्या वर्षी टँकरच्या मागण्या घेऊन आलेल्या माणसांची इतकी गर्दी असायची की चॅप्टरची कामं कोपऱ्यातल्या टेबलावर उरकली जायची. एका बाजूला मी बारनिशी घेऊन, समोर शांतवन पुस्तक छातीशी धरून. जामीनदार लागणार होता. अण्णा आले नव्हते. आले ते महालिंगअप्पा, दुकान बंद करून.

नायब तहसीलदारांनी विचारलं, "तुम्ही याचे कोण?"

अप्पा म्हणाले, "कुणी न्हाई. याच्या देवाचं मला काई घेणं-देणं न्हाई. पण हा माणूस डिग्री खरी लावतो. जामीन मी राहतो."

मग नायब तहसीलदारांनी तो अर्ज उचलला. समजूतदार गृहस्थ होते, घाईत नव्हते. शांतवनला म्हणाले, "तुम्ही म्हणता देवाचं बोलत होतो. मला पटतंय. पण मग अर्जात प्रचार कसं काय आलं? देवधर्माचा एक शब्दही नाही यात." त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "हा शब्द कुणाचा?"

शांतवननं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, ते मी ओळखलं असतं. किटलीत नळी सोडल्यावर ती स्थिर होईपर्यंत तो जसा बघत थांबायचा तसा थांबला. मी बारनिशीचं पान सारखं करत होतो.

शेवटी तो म्हणाला, "सही माझी हाय, साहेब."

नायब तहसीलदारांनी मला विचारलं, "जमादार, अर्ज देताना काय बोलणं झालं?"

मी म्हणालो, "अर्ज आला, नोंद घेतली, साहेबांसमोर ठेवला." यात एकही अक्षर खोटं नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीतलं हे सगळ्यात नेटकं वाक्य असेल.

त्यांनी सहा महिन्यांचं बंधपत्र सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. त्यात त्यांनी एक ओळ घालायला लावली: बाजारात जमावापुढं एक शब्दही बोलणार नाही. शांतवननं ती दोनदा वाचली आणि सही केली. महालिंगअप्पांनी खाली सही केली, कानडी वळणाची, लांबलचक. त्याच आठवड्यात दूध संस्थेनं डिग्रीला दुसरा माणूस लावला आणि शांतवन बायकोबरोबर रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागला.

मला वाटलं, आता तो बाजारात यायचा नाही. पुढच्या गुरुवारी तो आला. लिंबाखाली त्याच जागी उभा राहिला, पुस्तक छातीशी, आणि तोंड मिटलेलं. अर्धा तास उभा राहिला. मग भाजी घेतली, तीही बोटानं दाखवून. बाजारात बोलायचं नाही म्हणजे नाही, कांद्याचा भावसुद्धा विचारायचा नाही, असा अर्थ त्यानं लावला होता. भाजीवाल्या बाईनं विचारलं, "कावून बोलंना हो आज?" शेजारचीनं सांगितलं, "सरकारनं तोंड बंद केलंय त्याचं." बाई म्हणाली, "मग आमाला तरी बोलू द्या," आणि तिनं वजनापेक्षा दोन कांदे जास्त टाकले.

हे दर गुरुवारी सुरू झालं. बोलत होता तेव्हा दहा-पंधरा जण असायचे, गप्प उभा राहू लागल्यावर तीस-चाळीस जमू लागले. कामावरून सुटलेल्या बाया यायच्या, हातोडी बाजूला ठेवून सावलीत बसायच्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. सगळा बाजार ओरडतोय आणि लिंबाखाली शांतता. मला त्याचा अहवाल लिहावा लागायचा. "गुरुवार. शांतवन उभा होता. बोलला नाही. उपस्थिती अंदाजे पस्तीस."

साहेबांनी तीन-चार अहवाल वाचून मला बोलावलं. "गप्प उभं राहणं कुठल्या कलमात बसतं?"

"कुठल्याच नाही, साहेब."

"मग लिहिता कशाला?"

"जमतात म्हणून लिहितो."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "निवडणुकीचा कार्यकर्ता निवडणूक संपल्यावर येऊन गप्प उभा राहतो होय?" कारण मधल्या काळात निवडणूक होऊन गेली होती. नांगर आला, कंदील सपशेल पडला आणि शांतवन आपला उभाच होता. साहेब काय ते समजले असावेत. त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. सांगायची ती दुसरी संधी होती. माझी बढती तोवर लागली होती, म्हणजे भ्यायचं कारणही उरलं नव्हतं. पण एकदा गिळलेली गोष्ट नंतर वर येत नाही. गुरुवारी बंदोबस्त माझ्याकडं आला की मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचो.

सहा महिने पुरे झाले. शांतवन नवा अर्ज घेऊन ठाण्यात आला. खडीनं हात फुटलेले, अक्षर मात्र तेच. मी अर्ज घेतला. "लिंबाखाली उभे राहून अर्धा तास सुवार्ता सांगण्याची परवानगी मिळावी." मी लाल पेनाला हात लावला नाही. तसाच कागद साहेबांपुढं नेला.

साहेबांनी विचारलं, "सुवार्ता म्हणजे?"

"चांगली बातमी, साहेब. त्यांच्या धर्मातलं सांगणं. त्यांच्यात असंच म्हणतात."

"या दिवसांत कुणाकडं चांगली बातमी असेल तर त्याला अडवायचं कशाला?" साहेबांनी सही केली. "शब्द स्वच्छ आहे. पहिल्यांदाच असं लिहिलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं."

मी "होय साहेब" म्हणालो.

ती परवानगी मी डाकेनं पाठवली नाही. गुरुवारी स्वतः घेऊन लिंबाखाली गेलो. माणसं जमायला लागली होती. महालिंगअप्पाही दुकानाच्या पायरीवर येऊन उभे होते. मी कागद दिला. त्यानं वाचला, घडी केली आणि पुस्तक उघडून आत ठेवला. मग त्याच पुस्तकातून दुसरा, जुना कागद काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा तुमचा. घेऊन जा."

तो पहिला अर्ज होता, कच्चा. त्यानं फेअर करून दिला होता तो ठाण्याच्या फाइलीत, आणि हा त्याच्याकडं राहिलेला. त्याच्या मोत्यासारख्या अक्षरातल्या 'सुवार्ता'वर लाल रेघ आणि वर माझ्या हातचा 'प्रचार'. माझं अक्षर तालुक्यात शेंबडं पोरही ओळखायचं, अर्ध्या तालुक्याचे अर्ज मी लिहिले होते. हा कागद नायब तहसीलदारांच्या टेबलावर पडला असता तर शांतवन त्याच दिवशी सुटला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत नळी घेऊन उभा राहिला असता.

मी विचारलं, "तहसीलात त्या दिवशी हा तुमच्याजवळ होता?"

"व्हता. पुस्तकातच व्हता."

"मग काढला का नाही?"

तो माझ्याकडं बघत राहिला, तसाच, आकडा स्थिर व्हायची वाट बघितल्यासारखा.

"तुमी सांगाल म्हून थांबलो," तो म्हणाला.

आणि लोकांकडं वळून त्यानं सहा महिन्यांनी बोलायला सुरुवात केली. तो काय बोलला ते लिहून घेणं माझं काम होतं. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. अहवालात मी लिहिलं, "भाषण शांततेत पार पडले."

संस्थेनं त्याला परत घेतलं नाही. नवा माणूस लागला होता आणि ठराव ठरावच असतो. तो म्हातारा होईपर्यंत गुरुवारी लिंबाखाली बोलत राहिला. वाटेत भेटला की "जमादार" म्हणून हात करायचा आणि पुढं जायचा. त्या कागदाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. महालिंगअप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. ते साहेब आणि ते नायब तहसीलदार कुठं असतील माहीत नाही. गेल्या उन्हाळ्यात शांतवनही गेला. मी मातीला गेलो होतो, मागं उभा राहिलो.

कागद आता समोर आहे. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. तहसील कचेरीत कोपऱ्यातल्या टेबलामागून एका समजूतदार अधिकाऱ्यानं विचारलं होतं, हा शब्द कुणाचा?

माझा होता, साहेब.